सॉफ्टवेअर एक, लेजर दोन

प्रश्न : मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्याची मूळ कंपनी जर्मनीत आहे. तिला आयएफआरएसचे (आंतरराष्ट्रीय लेखामानकांचे) हिशेब हवेत, इथे एएसचे (भारतातल्या लेखामानकांचे). दोन सॉफ्टवेअर घ्यावीत का? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : मुळीच नको, भाऊ. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन समांतर लेजर (खातेवह्या) ठेवा. विक्री-खरेदी एकदाच नोंदवा, ती दोन्हींत जाते. फक्त फरकाच्या नोंदी वेगळ्या. तुमच्या शेडचं पाच वर्षांच्या कराराचं भाडं एएस १९ मध्ये सरळ खर्च. आयएफआरएस १६ मध्ये मात्र मालमत्ता आणि देणं, दोन्ही उभं राहतं.

३१ मार्चला डॉलरची येणी त्या दिवसाच्या दराने बदला. ८३ ने नोंदलेलं १०,००० डॉलरचं बिल ८५ ला गेलं, की २०,००० रुपये विनिमय नफा. मालासाठी आलेला अ‍ॅडव्हान्स मात्र जुन्याच दराने राहू द्या. नवखी असताना मी तोही बदलला होता. ऑडिटच्या आदल्या रात्री एकेक नोंद उलटवत बसले.