पिवळे मोजे रंगवण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या विनोदी नाटकासाठी केलेली तुझी वेशभूषेची चित्रं मिळाली. हात चांगला आहे, रेषेत जोर आहे, त्यामुळे कौतुकात वेळ घालवत नाही. अडखळले ती मालव्होलिओपाशी. पहिल्याच प्रवेशात तू त्याला वाकडी कॉलर आणि फुगीर तुमान देऊन मोकळं झालंयस. मग तिसऱ्या अंकासाठी उरलं काय?

हा माणूस ऑलिव्हिया या श्रीमंत उमराव स्त्रीच्या घरचा कारभारी आहे. शिस्तीचा, ताठ, आणि स्वतःबद्दल भलत्याच कल्पना असलेला. त्याचा पोशाख घरात सगळ्यांत नेटका हवा: गडद रंग, कुठे सुरकुती नाही, गळ्यात कारभारीपणाची साखळी. ऑलिव्हियाच्या नावाने लिहिलेल्या खोट्या पत्राला भुलून तो पिवळे मोजे चढवून, त्यांवर फुलीच्या पट्ट्या बांधून येतो, तेव्हाही वरचं सगळं तसंच कडक राहू दे. वेड लागलंय ते फक्त गुडघ्याखाली. विनोदी नाटकातल्या पात्राला आपले कपडे हास्यास्पद आहेत हे ठाऊक नसतं. हे तुझ्या चित्रातल्या चेहऱ्यावरही दिसलं पाहिजे. तुझा मालव्होलिओ प्रेक्षकांकडे बघून डोळा मारतोय, तो पुसून टाक.

आता मोज्यांवरच्या त्या पट्ट्या. तू पाय समोरून रंगवलेस आणि खरं काम राहून गेलं. ती पट्टी गुडघ्याखालून घेऊन मागे फुली मारतात आणि गुडघ्याच्या वर आणून गाठ देतात. फुली मागे, म्हणजे चित्रही मागून हवं. मुख्य आकृतीशेजारी गुडघ्याच्या मागच्या बाजूचं छोटं रेखाटन काढ आणि पट्टीची रुंदी लिही. या पट्ट्यांनी रक्त अडतं, असं मालव्होलिओ स्वतःच म्हणतो; तेव्हा त्या घट्ट दिसायला हव्यात, पण नटाला रंगमंचावर चालता यायला हवं. हे गणित शिंप्यावर सोडू नकोस.

पिवळ्या रंगाबद्दल एक सांगते. कागदावरचा पिवळा आणि प्रकाशातला पिवळा यांचं फारसं जमत नाही. पिवळसर उजेडात तो फिका पडतो, निळ्या उजेडात काळवंडतो. म्हणून रंगाच्या शेजारी कापडाचा तुकडा लाव आणि प्रकाशयोजना करणाऱ्यासमोर तोच धर.

ऑलिव्हिया भावाच्या सुतकात आहे, म्हणून काळा. हा काळा किती बोलतो ते बघ. 2 फेब्रुवारी 1602 रोजी लंडनच्या मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेत हे नाटक पाहून जॉन मॅनिंगहॅम या कायद्याच्या विद्यार्थ्याने रोजनिशीत नोंद केली आणि तिला विधवा म्हटलं. संहितेत ती विधवा नाही. माझा अंदाज असा, की तो कपड्यांवरून फसला असावा. ऑलिव्हिया प्रेमात पडते तसतसा तिचा काळा हळूहळू उतरव. एकाच प्रवेशात गुलाबी नको.

व्हायोला आणि सेबॅस्टियन ही जुळी बहीणभावंडं. पुरुषाचा वेष घेताना आपण भावाचीच तऱ्हा, त्याचाच रंग, तीच सजावट उचलली, असं व्हायोला सांगते. म्हणजे नाटककाराने निम्मी वेशभूषा करूनच ठेवली आहे! दोघांच्या उंचीत फरक असणारच. तो टोपी, कॉलरची उंची आणि पट्टा कुठे बसतो यांनी झाकायचा. दोघांची चित्रं एकाच कागदावर काढ. व्हायोलाचे बायकी कपडे ज्या कप्तानाकडे आहेत, तो मालव्होलिओच्या फिर्यादीमुळे कैदेत आहे, त्यामुळे शेवटीसुद्धा ती पुरुषवेषातच राहते. तू तिच्यासाठी रंगवलेला लग्नाचा झगा सुंदर आहे, पण तो काढून टाक.

जमलं तर जुन्या वेशभूषाकारांची मूळ चित्रं पाहा, छापील नव्हेत. सोफी व मार्गारेट हॅरिस आणि एलिझाबेथ मॉंटगोमेरी या तिघींनी ‘मॉटली’ या नावाने ब्रिटिश रंगभूमीवर वेशभूषा केली. त्यांचा मोठा संग्रह अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात आहे, आणि त्यात चित्रांबरोबर टिपणं आणि कापडाचे तुकडेही आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही नाट्यविषयक मोठा संग्रह आहे. अशी चित्रं पाहताना चेहरा शेवटी बघ. आधी कडेचे पेन्सिलीचे शेरे, टाचणीची भोकं, अंगरखा पुढून उघडतो की मागून, याची खूण. शक्य असेल तिथे कागदाची मागची बाजूही दाखवायला सांग.

तुझी चित्रं मात्र सेलोटेपने चिकटवू नकोस. ती पिवळी पडते आणि कागदात डाग उतरवते. कापडाचे तुकडे दोऱ्याने टाच. लोखंडी टाचण्या गंजतात.

मालव्होलिओ आणि जुळ्यांची चित्रं नव्याने करून पाठव. बाकीची आहेत तशी शिंप्याकडे गेली तरी चालतील.

कळावे, लोभ असावा.