मशीनपाशी दुसऱ्याचं काय काम?

सिडको, नाशिकहून एका वाचक मैत्रिणीने लिहिलंय:

“मावशी, विधानसभेला मी सासूबाईंच्या मागेच रांगेत होते. दिरांच्या ओळखीचा एक कार्यकर्ता ‘आजींना दिसत नाही’ म्हणत त्यांच्यासोबत आत गेला आणि बटण त्यानेच दाबलं. सासूबाई अजून सुईत दोरा ओवतात! पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आम्हा बायकांची मतदान कार्डं दिरांच्या कपाटात असतात. सांगितलं तिथे मत दिलं नाही तर मशीनवर कळतं, मग माहेरी धाडू, असं ते म्हणतात. जाऊबाईंचं नाव तर अजून निफाडच्याच यादीत आहे.”

बाळा, दिरांचा सगळा रुबाब एका थापेवर उभा आहे. तू कुणाला मत दिलंस ते मशीन कुणालाच सांगत नाही. बटण दाबल्यावर काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते. तिच्यावर उमेदवार आणि चिन्ह असतं, तुझं नाव नसतं. मग ती डब्यात पडते. नंतर केंद्रावरचे एकूण आकडे तेवढे बाहेर येतात. त्यामुळे “कुणाला दिलंस?” असं विचारलं तर खुशाल “तुम्ही म्हणालात त्यालाच” म्हण. एवढ्या खोट्याचं पाप लागत नाही, लागलंच तर माझ्या खाती घाल.

कार्डावरून घरात तमाशा नको. यादीत नाव असलं की आधार, पॅन किंवा फोटो असलेलं बँकेचं पासबुकही चालतं.

आता सासूबाई. मतदाराला दिसत नसेल किंवा शरीराने बटण दाबणं जमत नसेल, तरच सोबती आत जाऊ शकतो. तोही दिवसभरात एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो, आणि मत गुप्त ठेवीन असं त्याला लिहून द्यावं लागतं. मतदान केंद्राध्यक्षांना “साहेब, यांना दिसतं” एवढं म्हटलं तरी पुरे होतं. पण त्या गर्दीत, ओळखीच्या माणसांसमोर ते तुला सुचलं नाही, यात नवल काय? म्हणून सुरुवात घरातूनच कर. दुपारी मेथी निवडताना त्यांनाच विचार, “आई, बटण स्वतः दाबावंसं वाटलं नाही का हो?” कदाचित हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नसेल. त्यांनीच पुढच्या वेळी “माझं मी बघते” म्हटलं, तर कुठल्या कार्यकर्त्याची बिशाद आहे!

1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळली होती. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, यापलीकडे त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. जाऊबाईंचं तर नाव आहे, फक्त पत्ता बदलायचाय. त्यासाठी नमुना 8 भरायचा आणि सिडकोच्या पत्त्याचा पुरावा जोडायचा. अडलं तर 1950 वर फोन करा किंवा भागातल्या बीएलओंना, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्यांना, गाठा.

“माहेरी धाडू” ही धमकी मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. धमकावून मत वळवणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आज पोलिसांत जा असं मी म्हणत नाही, पण नवऱ्याच्या कानावर घाल. तो कुणाच्या बाजूने आहे, हे तू पत्रात लिहिलंच नाहीस! प्रकरण हातघाईवर आलं तर 181 हा महिलांसाठीचा नंबर आहे.

जाऊबाईंचा अर्ज मात्र याच महिन्यात भरा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नाव घालता येत नाही.