चांगुलपणाचा गैरफायदा घेतला जातो, या अर्थाची जपानी म्हण कोणती? ऑफिसात वापरता येईल का?

तुम्ही शोधताय ती बहुतेक ही: 'हिसाशि ओ काशिते ओमोया ओ तोरारेरु'. हिसाशि म्हणजे छपराची भिंतीबाहेर आलेली वळचण, ओमोया म्हणजे मुख्य घर. वळचण दिली आणि घर गेलं. उपकाराची फेड अपकाराने झाली, तरी हीच म्हण वापरतात.

'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' हीच की, असं वाटेल. पण आपल्याकडे निदान पाय पसरणारा दिसतो. जपानीतलं 'तोरारेरु' कर्मणी आहे, घेणाऱ्याचा उल्लेखच नाही. दिलं त्याने, गेलं त्याचं, बस. मला ते खुपतं, कारण सहा वर्षं घरात मी हेच ऐकतेय.

पुण्यात मी घरीच जपानी शिकवते. माझीच एक विद्यार्थिनी एन थ्री, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी, पास झाली आणि म्हणाली, "ताई, रविवारी सकाळी तुमच्या हॉलमध्ये एक छोटी बॅच घेऊ का? जागा परवडत नाही." मी किल्ली दिली. फळा, मार्कर, माझ्या कांजीच्या, म्हणजे जपानी लिपीतल्या चिन्हांच्या, वह्या, सगळं वापर म्हटलं. दोन महिन्यांत शनिवारही तिचा झाला. मग माझ्या बॅचची मुलं तिच्याकडे 'जादा सरावाला' बसू लागली. डिसेंबरची जेएलपीटी झाली आणि तिने मागच्याच गल्लीत क्लास काढला. माझी अकरा मुलं तिकडे गेली. त्यातल्या एकाच्या आईने मला नोट्स दाखवल्या. झेरॉक्स होती. अक्षर माझं, रेघांचा क्रम दाखवणारे बाण माझे, आणि कोपऱ्यात माझ्याच चहाच्या कपाचा गोल डाग, राखाडी होऊन छापलेला. नाव तेवढं तिचं.

दादा तेव्हापासून एकच म्हणतो, "तू दिलंस म्हणून गेलं." नाही. तिने घेतलं म्हणून गेलं. चोरी झाली की दार उघडं ठेवणाऱ्यालाच बोलायचं, ही सवय मला मान्य नाही.

जपान्यांची दुसरी म्हण बघा: 'नासाके वा हितो नो तामे नाराझु'. दुसऱ्यावर केलेली दया फक्त त्याच्यासाठी नसते, फिरून आपल्याकडे येते, हा तिचा खरा अर्थ. जपान सरकारच्या सांस्कृतिक खात्याने 2010 या आर्थिक वर्षाच्या भाषा-पाहणीत तिचा अर्थ विचारला, तेव्हा 45.8 टक्के लोकांनी बरोबर सांगितला. 45.7 टक्के म्हणाले, दया करू नये, त्याने समोरच्याचं भलं होत नाही. म्हणजे दादासारखी माणसं तिकडेही निम्मी आहेत.

ऑफिसात जपानी साहेबाला वळचणीची म्हण ऐकवू नका. सरळ 'तुम्ही माझं लुबाडलंत' असाच आरोप होतो तो. सहकाऱ्यांशी तिसऱ्याबद्दल बोलताना चालेल.

एक सांगायला हवं, ती शिकवते उत्तम. आणि वह्या फक्त हॉलमध्येच वापरायच्या, असं मीही कधी बोलले नव्हते. आता बोलते. यंदा दोन मुली माझ्या हॉलमध्ये बॅच घेतात, कधीपर्यंत ते पहिल्याच दिवशी ठरवलंय. वह्याही दिल्यात. दादा, तू हे वाचशीलच, म्हणून लिहिते: किल्लीसुद्धा त्यांच्याकडेच आहे.