जुनाच रोबो, नवा रंग: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात छोट्या रोबो फिगर्सच्या रीइश्यूवर, म्हणजे कंपनीने जुनंच खेळणं पुन्हा काढण्यावर, दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा नुसता ढीग पडला. सगळे घेणं शक्य नाही, जे पुन्हा पुन्हा आले तेवढे घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण खाली ती सारखी येणारच आहे: रीइश्यू हातात आला की पहिल्यांदा हे बघायचं की रंग प्लास्टिकमध्येच आहे की प्लास्टिकवर मारलाय. बाकीचं सगळं नंतर.

प्रश्न: माझ्याकडे लहानपणीचा एक छोटा लाल रोबो आहे. आता त्याच मोल्डचा (साच्याचा) रीइश्यू आलाय पण लाल जरा गडद आहे, तोंड आधी नुसतं चंदेरी होतं त्यात आता निळे डोळे आलेत आणि छातीवर स्टिकरऐवजी छपाई आहे. मित्र म्हणतो हा खरा नाहीच, पैसे वाया. घेऊ का नको?

उत्तर: मित्राला एकदा विचारा की बाबा, तुझ्या मते खरा रंग कुठला? मग बघा तो कसा अडकतो ते. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे गाडीचे रोबो होणारी खेळणी, आणली तेव्हा त्यातले बहुतेक रोबो नवीन नव्हतेच, जपानच्या टाकारा कंपनीची डायाक्लोन ही १९८० ची सिरीज आणि मायक्रोमॅन या तिच्याच दुसऱ्या सिरीजमधून निघालेली मायक्रो चेंज, या दोन्हींचे मोल्ड उचलले आणि बऱ्याच जणांचे रंग बदलून विकले. म्हणजे आपण ज्याला ओरिजिनल ओरिजिनल म्हणून डोक्यावर घेतो तोच मुळात रीपेंट आहे! आणि छोट्या रोबोंचं तर विचारूच नका. बंबलबी म्हणजे पिवळा आणि क्लिफजंपर म्हणजे लाल असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय ना, पण सुरुवातीला हे दोघंही पिवळ्यात पण मिळायचे आणि लाल रंगात पण. त्यातला एक जरी रंग खोटा म्हणायचा तर कुठला म्हणणार?

ब्लूस्ट्रीक नावाच्या रोबोची गंमत तर माझी फार आवडती आहे. १९८४ च्या कॅटलॉगमध्ये तो निळा छापला होता, कारण फोटोसाठी डायाक्लोनची गाडी वापरली होती, आणि दुकानात आला तो चंदेरी. नावात निळा, फोटोत निळा, हातात चंदेरी. त्यानंतर लोक वर्षानुवर्षं त्या निळ्याची वाट बघत बसले, आणि टाकारा टोमीने (टाकाराचंच पुढचं नाव) मोठ्या मास्टरपीस सिरीजमध्ये तो शेवटी दोन्ही रंगांत काढला.

त्यामुळे रंग 'अपडेट' केला म्हणजे नक्की काय केलं ते बघायचं. बहुतेक वेळा तीनातलं एक कारण असतं. एक तर ट्रान्सफॉर्मर्सच्या कार्टूनमध्ये जसा दिसायचा तसा केलेला असतो, मास्टरपीसमध्ये नंबरापुढे प्लसची खूण असते त्या गाड्या याच प्रकारातल्या. किंवा बॉक्सवरच्या चित्राप्रमाणे केलेला असतो. किंवा डायाक्लोनच्या जुन्या रंगाची आठवण म्हणून. तुमच्या वर्णनावरून तुमचा पहिल्या प्रकारातला वाटतोय, कारण जुन्या खेळण्यांना डोळे रंगवायची भानगड फारशी नसायचीच, तोंडाला क्रोम किंवा चंदेरी फासलं की झालं, निळे डोळे कार्टूनमधून आले.

आता घ्यायचा का? लाल रंग प्लास्टिकमध्येच असेल तर बिनधास्त घ्या. पांढऱ्या किंवा राखाडी प्लास्टिकवर लाल मारला असेल तर मी स्वतः दोनदा विचार करीन. छातीवरच्या छपाईबद्दल मात्र काही तक्रार नाही. ती सिलिकॉनच्या मऊ पॅडने उमटवतात, भिंगातून बघितलं तर कडा एकदम स्वच्छ दिसते, स्प्रेसारखी धूसर नाही, आणि स्टिकरसारखे कोपरे उचकटत नाहीत. तुमच्या जुन्या रोबोवरचं स्टिकर एव्हाना एका कोपऱ्यात तरी उचललं गेलं असणारच.

प्रश्न: विकणारा सांगतो की पीस १९८० चा आहे, पाठीवर सालही कोरलेलं आहे, फोटोत दिसतंय. मग ओरिजिनल समजायचं ना?

उत्तर: अजिबात नाही, आणि याच्यात लोक फार फसतात म्हणून नीट सांगतो. ते साल कॉपीराइटचं असतं, पीस कधी बनला त्याचं नसतं. डायाक्लोनवरून आलेल्या कितीतरी गाड्यांवर १९८० कोरलेलं आहे आणि त्या ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकल्या गेल्या १९८४ नंतर. शिवाय तोच मोल्ड पुढे रीइश्यूला वापरला की साल पण तसंच उमटतं, मुद्दाम खोडल्याशिवाय ते कुठं जाणार? म्हणजे २००२ नंतरच्या रीइश्यूवर सुद्धा ऐंशीचं साल असू शकतं. विकणारा खोटं बोलतोय असं नाही, त्याला पण कदाचित माहीत नसेल.

मग बघायचं काय, तर रंगच बघायचा. जुन्या पीसचा रंग सगळीकडून सारखा उतरत नाही, जिथे ऊन लागलं ती बाजू फिकी होते आणि आतली बाजू, पायाच्या खाचेत, हाताच्या मागे, मूळ रंगाची राहते. विकणाऱ्याकडून त्या आतल्या भागाचा फोटो मागवा, आत आणि बाहेर एकच कडक चकचकीत रंग असेल तर एक तर तो चाळीस वर्षं अंधारात होता नाहीतर तो नवा आहे. दुसरं, मोल्ड खूप वापरला की झिजतो, मग बारीक रेघा बोथट होतात आणि साच्याचे दोन भाग जुळतात त्या कडेला कागदाइतकी पातळ जास्तीची पापडी येते. तिसरं म्हणजे नक्कल. खऱ्या पीसवरून साचा घेऊन बनवलेली नक्कल किंचित लहान भरते कारण प्लास्टिक थंड होताना आकसतं, आणि कंपनीचं नाव बऱ्याचदा खरवडलेलं असतं, त्या जागी हलका खड्डा दिसतो. १९८५ पासून बोटाच्या उबेने चिन्ह दाखवणारा छोटा चौकोनी स्टिकर यायला लागला, तो असणं नसणं हा एक धागा आहे, पण नुसत्या स्टिकरवर विसंबू नका, स्टिकर सुटे विकत मिळतात.

प्रश्न: रीइश्यू घेऊन वर्ष झालं. पांढरे पाय पिवळट पडायला लागलेत. कुणी म्हणतं पेरॉक्साइडमध्ये बुडव, कुणी म्हणतं हात पण लावू नको.

उत्तर: दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. छोट्या रोबोंचं कडक प्लास्टिक बहुतेक एबीएस असतं आणि त्यात रबराचा एक अंश असतो, तो उजेड आणि हवेने हळूहळू बदलतो आणि पिवळेपणा येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अल्ट्राव्हायोलेट उजेड एकत्र दिले की तो जातो हे खरं आहे, केसांच्या रंगासाठी मिळतं ते क्रीम लोक याच कामाला वापरतात. पण चार गोष्टी कुणी सांगत नाही. एक, पिवळेपणा परत येऊ शकतो. दोन, क्रीम सगळीकडे सारखं लागलं नाही किंवा मध्येच सुकलं तर ढगासारखे पांढरे डाग पडतात आणि ते काही केल्या जात नाहीत. तीन, स्टिकर सुटतात, क्रोम उतरू शकतो, आणि लाल निळ्यासारखे रंगीत भाग फिके पडतात, म्हणून पाय सुटे काढता येत असतील तरच या वाटेला जा. चार, सगळ्यात महत्त्वाचं, पांढरा रंग प्लास्टिकमध्ये आहे का वर मारलेला? वर मारलेला असेल तर पिवळं पडलंय ते पेंट, आणि पेंटवर पेरॉक्साइडचे प्रयोग म्हणजे आगीशी खेळ.

ओळखायचं कसं, तर पायाच्या तळाशी स्क्रूचं भोक असतं तिथे टॉर्च मारून बघा. आत पण तोच पांढरा असेल तर प्लास्टिक पांढरं, आत राखाडी दिसला तर वरून पेंट आहे. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं.

आणि हो, हातमोजे घालूनच करा, कातडी भाजते. करणारच नसाल तर निदान शेल्फ खिडकीपासून लांब न्या आणि मऊ रबरी पार्ट असलेली फिगर दुसऱ्या रोबोला टेकवून ठेवू नका, त्या मऊ प्लास्टिकमधला तेलकट अंश बाहेर येतो आणि शेजारच्याचा पेंट चिकट करून ठेवतो.

याच्याच जोडीला कुणीतरी सोनेरी प्लास्टिकबद्दल विचारलंय. ऐंशीच्या शेवटी शेवटी चमकीचे कण घातलेलं सोनेरी प्लास्टिक वापरायचे ते काही वर्षांत इतकं ठिसूळ होतं की सांधा वळवला की तुकडा हातात. बॉक्समधून कधी बाहेर न काढलेला पीस पण तुटतो! अशा मोल्डचा रीइश्यू साध्या प्लास्टिकवर सोनेरी पेंट मारून आला आणि लोक चमक गेली म्हणून नाक मुरडायला लागले तर त्यांना मुरडू दे, तुम्ही घेऊन टाका.

प्रश्न: नवा रीइश्यू उघडला, हात फिरवला आणि खांद्याचा पेंट खरवडला गेला. इतका मूड गेला की विचारू नका. माझं काय चुकलं?

उत्तर: तुमचं काही चुकलं नाही, तिथे पेंट मारायलाच नको होता. जिथे दोन भाग एकमेकांवर घासतात तिथे पेंटची जाडी सुद्धा आड येते, मूळ मोल्ड बनवताना तेवढी जागा सोडलेलीच नसते कारण तेव्हा तो भाग रंगीत प्लास्टिकचा होता. रंग अपडेट करायच्या नादात हे राहून जातं. पुढच्या वेळी हात फिरत नसेल तर जोर लावू नका, बऱ्याचदा पेंटनेच तो चिकटलेला असतो, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा मग अगदी थोडं थोडं मागेपुढे करा. नंतर सिलिकॉन ग्रीसचा एक ठिपका, दरवाज्याच्या बिजागरीला घालतो ते तेल नको, पेट्रोलियमवालं काहीच नको, ताणाखालचं प्लास्टिक त्याने तडकू शकतं.

खरवडलेल्या जागी टचअप करायचा तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक घ्या आणि पातळ थर द्या. सांध्याची खुंटी कधीकधी असिटल नावाच्या गुळगुळीत प्लास्टिकची असते, तिच्यावर पेंट टिकतच नाही, नव्या शर्टाचा रंग पहिल्या धुण्यात जावा तसा जातो, तिथे प्रयत्न सुद्धा करू नका.

प्रश्न: नवा रंग आवडला नाही. तो काढून जुना रंग आणता येईल का?

उत्तर: आतलं प्लास्टिक जुन्या रंगाचं असेल तरच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने काही फॅक्टरी पेंट निघतात, आधी न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीने घासून बघा. नेलपॉलिश काढायचं असिटोन मात्र चुकूनही नको, पेंटबरोबर रोबोचं नाक पण विरघळेल. आणि जुना, ऐंशीचा वगैरे पीस कोरड्या पॉलिश पेपरने घासणार असाल तर थांबा, जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतं. अमेरिकेत पेंटमधल्या शिशाची मर्यादा ६०० वरून ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणली ती थेट २००९ मध्ये, त्याच्या आधीच्या पेंटबद्दल खात्री देता येत नाही. ती धूळ नाकात जायला नको.

प्रश्न: मी १३ वर्षांचा आहे. एकच रोबो सहा रंगांत आलाय. सगळे घेतले तरच सेट पूर्ण होतो का?

उत्तर: अरे, सेट कोणी ठरवला, कंपनीने ना? स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प हे तिघं एकाच मोल्डचे, फक्त रंग वेगळे, पण तिघांना नाव आहे, स्वभाव आहे, म्हणून तीन घेण्यात मजा येते. तुझ्या सहामधल्या ज्यांना स्वतःचं असं काही आहे ते घे, नुसता रंगाचा डबा बदललाय ते राहू दे. आणि रंग बघायचा तर कंपनीच्या चकाचक फोटोत बघू नकोस, ज्यांनी घेतलाय त्यांनी खिडकीजवळ साध्या उजेडात काढलेला फोटो बघ, फोटोतला मरून बऱ्याचदा हातात विटकरी निघतो.

प्रश्न: बॉक्स उघडावा की तसाच ठेवावा?

उत्तर: उघडा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत उघडा. दोन डावे पाय, एका डोळ्याची छपाई सरकलेली, मानेत अडकलेला पेंट, हे सगळं आतल्या प्लास्टिकच्या ट्रेमागे लपतं आणि सहा महिन्यांनी सापडलं तर कुणी दाद देत नाही. ट्रे आणि बॉक्स फेकू नका, सपाट करून ठेवा, पुढे विकताना लागतात.