परदेशी विद्यापीठाशी करार झाला, आता मागायचं काय?

तुमचा प्रश्न असा: ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाशी सामंजस्य करार झालाय, पण मेडिसिन विभागात १०० विद्यार्थ्यांसाठी त्याचा उपयोग कसा करायचा? माझ्या मते सिम्युलेटर (सरावाचा कृत्रिम रुग्ण-पुतळा) मागू नका, तो कपाटात जातो. परीक्षकांचं प्रशिक्षण मागा आणि अंतर्गत प्रात्यक्षिक ऑस्की (OSCE) पद्धतीने घ्या, म्हणजे विद्यार्थी ठरावीक वेळेने एका टेबलावरून (स्टेशनवरून) दुसऱ्यावर जात छोटी छोटी कामं करतात. डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५मध्ये मांडलेली ही पद्धत: सगळ्यांना तीच कामं, तेवढाच वेळ. लाँग केसला (एकच रुग्ण सविस्तर तपासायची जुनी पद्धत) कुणाला साधा प्लुरल इफ्यूजन (फुप्फुसाभोवती पाणी) आणि कुणाला न उलगडणारा ताप, हा नशिबाचा खेळ उरत नाही.

गणित आधी मांडा. १० कामाची स्टेशनं आणि शिवाय २ विश्रांतीची. ५ मिनिटं काम, १ मिनिट बदलायला. एक फेरी ७२ मिनिटांची, त्यात १२ विद्यार्थी. अशी तीन समांतर वर्तुळं (स्टेशनांचे सारखेच संच) केली तर तीन फेऱ्यांत १०८ जणांची सोय होते. १० पैकी ४ स्टेशनं एक्स-रे, ईसीजी, रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शनची ठेवा, तिथे परीक्षक लागत नाही. तरी १८ परीक्षक हवेतच. गाडी इथेच अडते, त्यामुळे तारीख ठरवताना इतर विभागांना आधी विचारा.

तीन वर्तुळं म्हणजे एकाच स्टेशनला तीन परीक्षक. एक सढळ, एक कडक, तर निकाल गेला. भागीदाराचा खरा उपयोग इथे. एका विद्यार्थ्याच्या तपासणीचा व्हिडिओ (विद्यार्थी आणि रुग्ण दोघांची लेखी संमती घेऊन) दोन्हीकडच्या परीक्षकांनी वेगवेगळा तपासायचा, मग गुण शेजारी ठेवून फरक का पडला यावर बोलायचं. हिवाळ्यात आपले दुपारचे अडीच म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ. ओपीडी आटोपलेली असते.

त्यांची चेकलिस्ट मात्र जशीच्या तशी उचलू नका. तिथे 'रोज किती सिगारेटी' असतं. आपल्याकडे मावशी "धूम्रपान? छे!" म्हणतात आणि मिश्री दिवसातून चारदा लावतात. विद्यार्थ्याने मिश्री, तंबाखू, चुलीचा धूर वेगवेगळं विचारलं का, याला गुण ठेवा. मुद्दे १२-१५च्या वर नकोत. २५ केले की पोरं रुग्णाकडे न बघता प्रश्नांची फैर झाडतात आणि पासही होतात. म्हणून परीक्षकाचं एकूण मत (नापास, काठावर, चांगला) वेगळ्या रकान्यात घ्या.

रुग्णाच्या भूमिकेला वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) नकोत, पोरांना ते ओळखीचे असतात आणि नजरेने उत्तर सुचवतात. निवृत्त मंडळी किंवा नाट्यमंडळातली माणसं घ्या, दोन-तीन तास तालीम करा. 'घाम आला होता' हे विचारल्याशिवाय सांगायचं नाही, एवढं पक्कं ठसवा.

आणि मुंबईच्या जीएस मेडिकलमध्ये २००५पासून सुरू झालेल्या फायमरच्या (FAIMER, वैद्यकीय शिक्षकांना प्रशिक्षण देणारी संस्था) प्रादेशिक केंद्रात शिकलेलं कुणी तुमच्याच कॉलेजात असेल, तर कामाला तेच लावा. पहिल्या वर्षी निकाल अंतर्गत गुणांपुरताच धरा.