पुण्यतिथीला विनोदी प्रसंग पाठवून हसणे हा कलावंताचा अपमान आहे का?

लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पुण्यतिथीला लोक त्यांचे विनोदी प्रसंग आणि मीम एकमेकांना पाठवून हसतात, हे आपल्याला उथळपणाचे वाटते आणि दिवंगत कलावंताचे स्मरण गांभीर्यानेच व्हावे, असे आपण प्रश्नात सुचवले आहे. मला ते मान्य नाही. या विषयावर माझे एक जुने भांडण अद्याप मिटलेले नसल्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

१६ डिसेंबर २००४ रोजी बेर्डे गेले, तेव्हा ते अवघे ५० वर्षांचे होते. त्यानंतर काही दिवसांनी आमच्या वाचनालयाने शोकसभा ठेवली आणि अध्यक्षस्थानी माझे भाऊजी होते, जे मराठीचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांच्या लांबलचक भाषणात १९९२ सालच्या ‘एक होता विदूषक’पलीकडे काहीही नव्हते. पटकथा पु. ल. देशपांडे यांची आणि दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, म्हणून तेवढी एक भूमिका खरी आणि बाकीची कारकीर्द म्हणजे पोटासाठी केलेल्या माकडचेष्टा, असा एकूण सूर होता. मागच्या रांगेतल्या दोन मुलांना मध्येच ‘अशी ही बनवाबनवी’तले काहीतरी आठवले आणि हसू आवरेना, तेव्हा भाऊजींनी भाषण थांबवून त्यांना बाहेर जाण्यास सांगितले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “भाऊजी, आज या सभागृहात खरी श्रद्धांजली फक्त त्या दोघांनी वाहिली आहे.” ताईने पुढे बरीच मध्यस्थी केली, परंतु त्यांनी तो विषय सोडला नाही आणि मीही सोडला नाही.

गंभीर भूमिका केल्याशिवाय नट मोठा ठरत नाही, ही समजूत मला आळशीपणाची वाटते. ‘झपाटलेला’ आठवून पाहा. समोर रामदास पाध्ये यांचा बाहुला आहे. त्याच्याकडून ना नजर मिळते, ना दाद, तरीही प्रेक्षकाला त्याची दहशत खरी वाटली पाहिजे आणि त्याच क्षणी हसूही आले पाहिजे, हे सारे ओझे एका नटाच्या चेहऱ्यावर आहे. भाऊजींनी हे काम माकडचेष्टांच्या खात्यात टाकले होते. ‘हसवणारा आतून रडत असतो’ असे दर पुण्यतिथीला लिहिणारेही त्याच पंथाचे आहेत, कारण विनोदाला आदर देण्यासाठी त्यांना आधी त्याखाली दुःख शोधावे लागते. सलग नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव पाहिलेल्या दादा कोंडके यांच्याविषयी बोलतानाही ही मंडळी आधी द्व्यर्थी संवादांबद्दल दिलगिरी व्यक्त करतात आणि मग कौतुकाकडे वळतात.

मीमविषयी माझी तक्रार वेगळी आहे. ज्या ‘बनवाबनवी’च्या संवादांवर आज निम्मी मीम उभी आहेत, ते वसंत सबनीस यांनी लिहिले, दादांना नाव मिळवून देणारे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्यही त्यांचेच. त्यांचे नाव मात्र कोणीही घेत नाही. म्हणून प्रसंग पाठवताना खाली लेखकाचे नाव टाकावे, एवढेच मी आपल्याला सुचवेन. निळू फुले यांच्या बाबतीत तर मीममुळे नुकसानच झाले आहे, हे मान्य करायला हवे. राष्ट्र सेवा दलात घडलेला आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उतरलेला हा माणूस २००९ साली गेला, आणि नव्या पिढीला तो केवळ एका लंपट पाटलाच्या आवाजाच्या नकलेपुरता ठाऊक आहे. तेव्हा हसण्याने प्रत्येकाचे स्मरण पुरे होते, असा माझा दावा नाही. ज्याने आयुष्यभर हसवण्याचेच काम केले, त्याच्यापुरते मी बोलतो आहे.

शिवाय निधनाची बातमी आली त्याच दिवशी, घरचे लोक वाचत असतील अशा ठिकाणी विनोद टाकू नयेत आणि रुग्णालयातली छायाचित्रे तर कधीच फिरवू नयेत. हा अपवाद मी मागे एकदा भाऊजींना सांगितला, तेव्हा त्यांनी तो स्वतःचा विजय मानला. तो तसा नाही, कारण त्या दोन मुलांना बाहेर काढले तेव्हा सभागृहात बेर्डे यांच्या घरचे कोणीही नव्हते.