वाचकांचे प्रश्न : कर्नलच्या लॉगमधली ‘पर्फ’ची ओळ

(कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाईप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावीत, आकडेही इंग्रजी.)

प्रश्न : माझ्या लिनक्स लॅपटॉपच्या लॉगमध्ये रोज ही ओळ येते – ‘पर्फ: इंटरप्ट टुक टू लाँग (२५०६ > २५००), लोअरिंग कर्नल.पर्फ_इव्हेंट_मॅक्स_सॅम्पल_रेट टु ७९७५०’. पर्फ हे परफॉर्मन्स तपासण्याचं टूल मी कधी चालवलेलं नाही. प्रोसेसर खराब होत चाललाय का? ही ओळ बंद कशी करू?

उत्तर : प्रोसेसर ठीक आहे. ही बिघाडाची नोंद नाही; कर्नलने (लिनक्सचा गाभा) स्वतःचाच एक वेग, सॅम्पलिंगचा म्हणजे प्रोसेसर काय करतोय याच्या नोंदी घेण्याचा, थोडा कमी केला, एवढंच ती सांगते. जुन्या कर्नलमध्ये ती ‘वॉर्निंग’ म्हणून पडायची आणि लोक घाबरायचे. पुढे तिची पातळी ‘इन्फो’वर आणली गेली.

पर्फ तुम्ही चालवलं नसलं तरी कर्नलचा एनएमआय वॉचडॉग (प्रोसेसर अडकला का ते पाहणारा पहारेकरी) तीच यंत्रणा वापरतो. एखादा कोअर पूर्ण अडकला तर ते कळावं म्हणून तो प्रोसेसरच्या काउंटरवर इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारा संकेत) लावून ठेवतो. कोअर सतत कामात असेल तर साधारण १० सेकंदांनी एक.

आता आकडे बघा. सॅम्पलिंगची मूळ कमाल मर्यादा सेकंदाला १,००,०००, म्हणजे एका सॅम्पलच्या वाट्याला १०,००० नॅनोसेकंद. त्यातला २५ टक्के वेळ पर्फने घ्यावा अशी मुभा आहे, म्हणून २५०० नॅनोसेकंद ही मर्यादेची रेषा. इंटरप्टच्या वेळेची सरासरी २५०६ झाली आणि रेषा ओलांडली गेली. मग कर्नल त्या सरासरीत तिचाच चौथा भाग मिळवतो, ३१३२ ही नवी रेषा ठरवतो आणि त्या हिशेबाने सॅम्पलिंगचा वेग खाली आणतो. कर्नलच्या घड्याळाची टिक २५० हर्ट्झची असेल तर ७९७५०, १००० हर्ट्झची असेल तर ७९०००. पुढची ओळ ३१३२ ओलांडल्यावरच येणार, त्यापुढची ३९०० च्या आसपास. म्हणजे ओळी आपोआप विरळ होत जातात. मात्र मशीन रीस्टार्ट केलं की रेषा पुन्हा २५०० वर येते. रोज सकाळी तीच ओळ दिसते ती म्हणून.

कंसातला पहिला आकडा नीट वाचा. तो रेषेच्या अगदी लगत असेल (२५०६, ३१३३) तर वेळ हळूहळू वाढत गेलेली आहे. एकदम ८–९ हजार असेल तर एखादाच इंटरप्ट मध्येच अडकला होता. ही सरासरी प्रत्येक कोअरची वेगळी असते आणि १२८ सॅम्पलच्या हिशेबाने चालते. त्यामुळे फर्मवेअरने (मशीनमध्येच बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर) एकदाच ०.३२ मिलिसेकंद प्रोसेसर ताब्यात घेतला, तरी तेवढ्याने २५०० ची रेषा गाठली जाते.

ओळ नकोच असेल तर वेगाची मर्यादा आधीच खाली आणून ठेवा. ‘/ईटीसी/सिसकंट्रोल.डी’ या फोल्डरमध्ये ‘६०-पर्फ.कॉन्फ’ नावाची फाईल करून एकच ओळ लिहा :

कर्नल.पर्फ_इव्हेंट_मॅक्स_सॅम्पल_रेट = २००००

मग ‘सुडो सिसकंट्रोल --सिस्टम’ चालवा. आता एका सॅम्पलच्या वाट्याला ५०,००० नॅनोसेकंद येतात आणि रेषा १२,५०० वर जाते. साध्या लॅपटॉपवर ती क्वचितच ओलांडली जाईल. तोटा काहीच नाही, कारण ‘पर्फ रेकॉर्ड’ स्वतःहून सेकंदाला ४००० सॅम्पलच मागतं. मर्यादा ४००० च्या खाली मात्र नेऊ नका. तशी नेली तर पर्फ वापरणाऱ्याला वेग कापल्याची वेगळी सूचना येईल आणि एक कटकट जाऊन दुसरी मागे लागेल.

प्रश्न : ऑफिसच्या व्हर्च्युअल मशीनवर हीच ओळ आहे. ‘कर्नल.पर्फ_सीपीयू_टाईम_मॅक्स_पर्सेंट’ ० करा, असा सल्ला मिळाला. करू का?

उत्तर : करू नका. वर सांगितलेले २५ टक्के याच सेटिंगमधून येतात, पण ० म्हणजे ‘शून्य टक्के वेळ’ नव्हे. ० म्हणजे लक्ष ठेवणंच बंद. ते करताच कर्नल लॉगमध्ये लिहितो की इंटरप्टला आवर घालणारी यंत्रणा बंद केली आहे, याने सिस्टिम हँग होऊ शकते. हे खरंच आहे. पुढे सॅम्पलिंगने कितीही वेळ खाल्ला तरी त्याचा वेग आपोआप खाली आणणारं कुणी उरत नाही. १०० लिहिलं तरी हाच परिणाम. शिवाय ही किंमत ० किंवा १०० असताना सॅम्पल रेट बदलायला गेलात तर कर्नल नकार देतो.

व्हर्च्युअल मशीनमध्ये काउंटरला हात लावायचा तर बऱ्याचदा हायपरवायझरमधून (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) जावं लागतं, आणि होस्टवर (खालच्या खऱ्या मशीनवर) गर्दी असेल तर इंटरप्ट चालू असतानाच तुमचा व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) बाजूला काढला जातो. म्हणून तिथे मोठे आकडे दिसणं नेहमीचंच. वरचा २०००० चा उपाय पुरला नाही तर १०००० करा; रेषा २५,००० होईल.

‘कर्नल.एनएमआय_वॉचडॉग = ०’ हाही उपाय सुचवला जातो. बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉपवर तो चालेल. सर्व्हरवर वॉचडॉग चालूच ठेवा, नाहीतर कोअर अडकल्याच्या दिवशी लॉगमध्ये त्याची नोंद सापडेलच असं नाही.

प्रश्न : सेटिंग न बदलता फक्त ही ओळ सिसलॉगमधून गाळता येईल का?

उत्तर : येईल, आरसिसलॉग (सिसलॉगच्या फाईल लिहिणारा प्रोग्रॅम) असेल तर. ‘/ईटीसी/आरसिसलॉग.डी’ या फोल्डरमध्ये ‘१०-पर्फ.कॉन्फ’ करा. उबुंटूवर मूळ नियम ‘५०-डिफॉल्ट.कॉन्फ’मध्ये असतात आणि फाईल क्रमाने वाचल्या जातात, म्हणून आपला आकडा ५० पेक्षा लहान हवा. मोठा दिलात तर गाळण्याआधीच ओळ लिहून झालेली असते. आत लिहा :

:एमएसजी, कंटेन्स, "पर्फ: इंटरप्ट टुक टू लाँग" स्टॉप

मग आरसिसलॉग रीस्टार्ट करा. अवतरणातला मजकूर लॉगमधून कॉपी करा, हाताने टाईप करू नका; एक स्पेस चुकली तरी नियम लागू होत नाही. नुसतं ‘पर्फ’ एवढंच लिहून गाळू नका, त्यात कामाच्या ओळीही जातात. जर्नलमध्ये (सिस्टिमडीची वेगळी नोंदवही) ही ओळ तरीही राहील, आणि ते बरंच आहे. ‘जर्नलसीटीएल -के -पी वॉर्निंग’ असं पाहिलंत तर नव्या कर्नलवर ती दिसणारही नाही.